छापील वेगाच्या पुढे

१९९९ सालची गोष्ट. सोलापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझे डीटीपीचे छोटे सेंटर होते. मराठी घेऊन बी.ए. झालो होतो, कविता लिहीत होतो आणि कवितेवर घर चालत नाही म्हणून लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके आणि हंगामात एखादी स्मरणिका अशी कामे करत होतो. पेजमेकर, श्रीलिपी आणि एक लेझर प्रिंटर एवढेच भांडवल. त्या जानेवारीत कर्ज काढले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि नवा संगणक जोडला. जोडणारा माझा धाकटा भाऊ. तो तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होता.

आठवडाभरात तो म्हणाला, "भाईजान, याच मशीनचा वेग दीडपट करून देऊ का? एक पैसा लागणार नाही."

फुकटात दीडपट म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मी हो म्हटले. आपण कशाला हो म्हणतो आहोत, हे कळायला मात्र मे महिना उजाडावा लागला. ती हकिगत पुढे सांगतो. आधी भावाने काय केले, आणि त्याच्याआधी जगात किती जणांनी ते केले होते, हे सांगायला हवे. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसरवर छापलेल्या वेगापेक्षा तो जास्त वेगाने चालवणे, एवढाच त्याचा अर्थ.

संगणकाच्या पोटात एक ठेका सतत चालू असतो. क्वार्ट्झचा एक स्फटिक ठरावीक गतीने थरथरतो आणि त्या थरथरीवर सगळे काम चालते. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीस कोटी मात्रा. एका मात्रेवर निघालेला विजेचा संदेश पुढची मात्रा पडण्याआधी मुक्कामी पोचला पाहिजे. पोचला तर उत्तर बरोबर. नाही पोचला तर शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य. तबलजीने लय वाढवली की गाणाऱ्याची जी परीक्षा होते, तीच इथे होते. फरक एवढाच, की गाणारा चुकला तर आपल्याला ऐकू येते. प्रोसेसर चुकला तर बहुतेक वेळा कळतच नाही.

मग छापील वेग ठरतो कसा? सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप एकदम तयार होतात, पण सगळ्या सारख्या उतरत नाहीत. एकाच भट्टीतल्या विटांचे असते तसेच. कारखान्यात प्रत्येक चिप तपासून तिच्यावर वेगाचा आकडा टाकतात. तो आकडा ऐन ताकदीचा नसतो. उन्हाळा, पंख्यावर बसलेली धूळ, विजेची कमीजास्त, चिपचे वय वाढणे, या सगळ्यांसाठी थोडी जागा राखून तो ठरवलेला असतो. शिवाय बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असली, तर जास्त ताकदीच्या चिपवरही कमी आकडा छापून ती विकली जाते. ओव्हरक्लॉकिंग करणारा माणूस या राखलेल्या जागेत शिरतो. हे एकदा लक्षात आले की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो.

या इतिहासाची सुरुवात एका स्फटिकापासून होते. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला, त्याचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. १९८४ साली पीसी एटी आला. त्यात इंटेलचा ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालत असे. मदरबोर्डवर १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता, त्याची गती निम्मी करून प्रोसेसरला दिली जाई. हा स्फटिक सॉकेटमध्ये नुसता बसवलेला होता. लोकांनी तो उपटला आणि १६ मेगाहर्ट्झचा बसवला. संगणक ८ मेगाहर्ट्झवर चालू लागला. चार पैशांच्या वस्तूने महागड्या यंत्राचा वेग एक तृतीयांशाने वाढला.

आयबीएमला हे रुचले नाही. १९८५ सालच्या अखेरीच्या बायोसमध्ये कंपनीने वेगाची तपासणी घातली. संगणक सुरू होताना जास्त वेगात आढळला, तर तो पुढे जाईना. गंमत अशी, की १९८६ साली कंपनीने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी विक्रीला आणला.

आपल्यापैकी काहींना जुन्या संगणकावरचे टर्बो बटण आठवत असेल. ते दाबले की संगणक पळतो, अशी आमची समजूत होती. खरे तर ते वेग कमी करता यावा म्हणून दिलेले होते. जुने खेळ प्रोसेसरच्या मात्रा मोजून चालत, त्यामुळे नव्या वेगवान संगणकावर ते खेळता येणार नाहीत इतके भरधाव सुटत.

१९९२ साली ४८६ डीएक्स-२ आला आणि एक नवी युक्ती रूढ झाली. मदरबोर्डचा ठेका ३३ मेगाहर्ट्झचा, पण प्रोसेसर स्वतःपुरता तो दुप्पट करून ६६वर चाले. ही पट म्हणजे गुणक. मदरबोर्डवरच्या जंपरच्या बारीक टोप्या इकडून तिकडे केल्या की गुणक किंवा मूळ ठेका बदलता येऊ लागला. सोय शौकिनांची झाली, तशी भामट्यांचीही झाली. कमी वेगाच्या चिपवरचा आकडा घासून काढायचा, जास्तीचा छापायचा आणि चढ्या भावाने विकायची, असा धंदा नव्वदच्या दशकात अनेक देशांत चालला. गिऱ्हाइकाला न सांगता केलेले हे ओव्हरक्लॉकिंगच. ते रोखण्यासाठी इंटेलने पुढे गुणकालाच कुलूप घातले. शौकिनांच्या हाती उरला तो फक्त मदरबोर्डचा ठेका.

त्याच ठेक्याने १९९८ साली इतिहास घडवला. त्या एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला होता. त्यात दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी अजिबात नव्हती, त्यामुळे तो रेंगाळे आणि टीकेचा धनी झाला. ऑगस्टमध्ये कंपनीने चूक दुरुस्त केली. सेलेरॉन ३००ए या नव्या चिपमध्ये १२८ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्याच तुकड्यावर, त्याच्याच वेगाने चालणारी दिली. किंमत होती १४९ डॉलर. मूळ ठेका ६६, गुणक साडेचार, म्हणून वेग ३००. पण त्या वर्षीच्या नव्या मदरबोर्डना १००चा ठेका येत होता. साडेचार गुणिले १०० म्हणजे ४५०. तेव्हाच्या सर्वांत वेगवान पेंटियम टूचा वेगही ४५०च होता आणि त्याची किंमत साडेसहाशे डॉलरच्या वर होती. या स्वस्त चिपपैकी बऱ्याचशा ४५०वर बिनतक्रार चालल्या. काही लोकांनी तर प्रोसेसरच्या बी-२१ नावाच्या एका संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून मदरबोर्डला चकवले आणि १००चा ठेका मिळवला.

आमच्या घरात आला होता तो हाच सेलेरॉन ३००ए.

भावाने बायोसमध्ये जाऊन ६६चे १०० केले. संगणक सुरू झाला आणि पडद्यावर ४५० हा आकडा आला. भावाने अम्मीला बोलावून तो दाखवला. पेजमेकरची पाने भराभर उलटू लागली. फेब्रुवारी, मार्च मजेत गेले. एप्रिलपासून दुपारी संगणक गोठू लागला. सोलापूरचा उन्हाळा मी वेगळा सांगायला नको. पारा बेचाळीसवर, खोलीवर पत्रा. हीटसिंकवरचा पंखा फिरत होता, पण तो खोलीतलीच हवा फिरवणार. चिप जेवढी तापते तेवढे तिच्यातले संदेश मंदावतात. जानेवारीत वेळेवर पोचणारे मे महिन्यात उशिरा पोचू लागले.

भावाने मग मधला मार्ग काढला. १०० नको, ८३ ठेवू. साडेचार गुणिले ८३ म्हणजे साधारण ३७५. संगणक गोठायचा थांबला. आम्हाला वाटले, हाव सोडली आणि बरे झाले.

तेव्हा माझ्याकडे एका शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे काम होते. ९६ पाने. जूनमध्ये समारंभ होता. मी रोज रात्री फाइली आवळून, म्हणजे झिप करून, फ्लॉपीवर उतरवून ठेवत असे. एका सकाळी पेजमेकरची मुख्य फाइल उघडेना. मी निर्धास्त होतो. फ्लॉप्या काढल्या, तर त्यांतल्या झिप फाइली सीआरसी एरर दाखवू लागल्या. फाइल आवळताना संगणक तिची एक खूणबेरीज लिहून ठेवतो आणि उघडताना पुन्हा बेरीज करून ताळा बघतो. आमचा ताळा जुळत नव्हता. फ्लॉप्यांत काही दोष नव्हता. त्यांच्यावर जे उतरवले तेच चुकीचे होते. ज्या यंत्राच्या भीतीने मी प्रती काढत होतो, त्याच यंत्राने त्या प्रती काढल्या होत्या.

भावाने दोन दिवस खपून कारण शोधले. मदरबोर्डचा ठेका फक्त प्रोसेसरला मिळत नाही. त्याच ठेक्याचा भाग पाडून तो पीसीआय नावाच्या मार्गाला दिला जातो आणि हार्डडिस्कची ये-जा त्या मार्गाने चालते. त्या मार्गाचा नेमलेला वेग ३३. ठेका ६६ असला की त्याचा अर्धा, म्हणजे ३३. ठेका १०० असला की तिसरा हिस्सा, तरी ३३च. पण ८३ला आमचा बोर्ड अर्धाच करत होता, म्हणजे साडेएकेचाळीस. आमचा प्रोसेसर ३७५वर ठीक होता. पंचवीस टक्के जादा वेगाने धावत होता तो डिस्कचा रस्ता. ४५०पेक्षा सौम्य वाटणारा मधला मार्ग खरा घातक निघाला. ठेका ६६वर आणून त्याने तीच फाइल वीस वेळा आवळली आणि उघडली, वीसही वेळा ताळा जुळला. ८३वर पुन्हा चुका.

लेझर प्रिंटरवर काढलेली चाळीस पानांची ट्रेसिंग हातात होती म्हणून अब्रू वाचली. बाकीची छप्पन्न पाने पाच रात्री जागून पुन्हा टाइप केली. हस्तलिखितांच्या पिशवीत सगळे सापडले, एक सोडून. शाळेच्या निवृत्त शिपायांनी वहीच्या दोन पानांवर आपली आठवण लिहून दिली होती. टाइप झाल्यावर ती पाने मी कुठे ठेवली देव जाणे. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. पुन्हा लिहून द्याल का, म्हणून विचारायला गेलो, तर म्हणाले, "एकदा लिहिलं साहेब. आता तसं नाही जमणार." स्मरणिका त्यांच्या पानांशिवाय निघाली.

ही आमची हकिगत लहान. पुढच्याच वर्षी तशीच मोठी घडली. मार्च २०००मध्ये एएमडी आणि इंटेल या दोन्ही कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी मात्रांचे प्रोसेसर जाहीर केले. जुलैअखेर इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आणला. परीक्षकांनी त्यावर लिनक्सचा गाभा बांधून बघितला, तर काम मध्येच कोसळू लागले. ऑगस्ट संपण्यापूर्वी कंपनीने तो प्रोसेसर परत बोलावला. माझ्या समजुतीप्रमाणे हेही ओव्हरक्लॉकिंगच. राखायची जागा स्पर्धेच्या भरात उत्पादकानेच खर्चून टाकली होती.

त्याच वर्षी एएमडीच्या ॲथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरचे गुणकाचे कुलूप साध्या शिसपेन्सिलीने उघडता येते, हे लोकांना समजले. चिपवरचे तुटलेले बारीक पूल पेन्सिलीच्या रेघेने जोडायचे, कारण पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते. २००१ साली एका चाचणीचे चित्रण गाजले. चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक काढला, तर ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून गेला आणि पेंटियम फोर मात्र स्वतःचा वेग कमी करून तगून राहिला. तापमान बघून आपणच आवरते घेण्याची ही सोय आज सगळ्या डेस्कटॉप प्रोसेसरांत असते. आज नवशिक्याच्या हातून चिप जळून खाक होणे अवघड झाले आहे, ते तिच्यामुळे.

वेगाची शर्यत थांबली ती उष्णतेपाशी. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के वाढवावे लागले, तर १.१ला १.१ने दोनदा गुणा. उत्तर १.३३. म्हणजे वेग दहा टक्के, उष्णता तेहेतीस टक्के. ऑक्टोबर २००४मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेत सोडून दिला आणि पुढच्या वर्षीपासून एका चिपवर दोन-दोन गाभे येऊ लागले.

त्यानंतर कंपन्यांनी शौकिनांना अधिकृत जागा करून दिली. २०११ साली इंटेलने के अक्षराचे, मोकळ्या गुणकाचे सँडी ब्रिज प्रोसेसर आणले. २०१७पासूनच्या एएमडीच्या रायझेन मालिकेतले बहुतेक प्रोसेसर मोकळेच असतात. इंटेलने २०१२ ते २०२१ या काळात ओव्हरक्लॉकिंगने गेलेली चिप बदलून देणारा जादा विमाही विकला. दुसऱ्या टोकाला द्रवरूप हेलियम ओतून विक्रम करणारे आहेत. डिसेंबर २०२२मध्ये त्यांनी ९ गिगाहर्ट्झची हद्द ओलांडली. पण ते काही क्षणांचे प्रदर्शन असते. त्या वेगावर कोणी स्मरणिका लावत नाही.

दरम्यान राखलेली जागाही आटत गेली. आजचे प्रोसेसर तापमान आणि वीज बघून आपला वेग क्षणोक्षणी आपणच वाढवतात. ओव्हरक्लॉकिंग कारखान्यातच होऊन येते म्हणा ना. त्याचा धोका २०२४ साली दिसला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर, मालकाने काहीही छेडछाड न करता, अस्थिर होऊ लागले. प्रमाणाबाहेर व्होल्टेजमुळे चिपमधले, आतल्या ठेक्याचेच एक परिपथ अकाली म्हातारे होत होते. कंपनीने ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र त्या दुरुस्तीने भरून येत नाही.

मग नवशिक्याने हे करूच नये का? मी तसे म्हणणार नाही. यंत्र कसे चालते ते शिकण्याचा हा चांगला मार्ग आहे. पण क्रम पाळावा.

पहिले काम, जे हवे आहे त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, आणि वेग वाढवण्याच्या आधी काढावी. दुसरे, आपला प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही मोकळ्या गुणकाचे आहेत का, हे बघावे. इंटेलमध्ये सहसा के अक्षर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. हमीच्या अटी वाचाव्यात. लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नये. तिसरे, काहीही न बदलता पूर्ण ताण देऊन तापमान वहीत लिहावे. तेव्हाच ते नव्वदच्या घरात जात असेल, तर आधी धूळ काढावी, हीटसिंक बदलावा. वेगाचा विचार नंतर.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गुणक एकाने वाढवावा, म्हणजे आजच्या बोर्डांवर १०० मेगाहर्ट्झ. मूळ ठेक्याला हात लावू नये, आमची फसगत तिथेच झाली. व्होल्टेज नवशिक्याने वाढवूच नये. आहे त्या व्होल्टेजवर जेवढा वेग मिळेल तेवढा आपला. मेमरीचा जादा वेगाचा तयार प्रोफाइल चालू करणे हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, त्याची तपासणी वेगळी करावी. प्रत्येक पायरीनंतर कसोटी घ्यावी. प्राइम९५ नावाचा कार्यक्रम १९९६पासून मोठमोठ्या मूळसंख्या शोधण्यासाठी वापरला जातो. त्याची ताण-चाचणी ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताळा करून बघते आणि एकदा जरी चूक आढळली तरी थांबते. ती काही तास चालवावी. चूक आली, गोठला, आपोआप बंद झाला, तर एक पायरी खाली यावे आणि वर आणखी एक पायरी सोडून द्यावी. संगणक सुरूच झाला नाही, तर घाबरू नये. वीज काढून मदरबोर्डवरच्या खुणेने बायोस मूळ पदावर आणता येतो. आणि डिसेंबरात पास झालेली कसोटी मे महिन्यात पुन्हा घ्यावी.

यातून मिळणारा वेग आज थोडाच असतो. पण ज्या यंत्रावर दुसऱ्याचा हिशेब, दुसऱ्याचे लिखाण किंवा दुसऱ्याची पत्रिका आहे, त्या यंत्रावर थोडाही घेऊ नये. राखलेली जागा आपल्या यंत्राची असेल तर ती खर्चायचा हक्क आपला. काम दुसऱ्याचे असेल तर ती जागा त्याची.

भाऊ पुढे संगणक दुरुस्तीतच रमला. त्याच्या दुकानात एक जाड वही असते. यंत्र कोणते, बदल काय, तापमान किती, ताळा जुळला की नाही. पहिल्या पानावर १९९९चा तो मे महिना आहे, ८३ आणि साडेएकेचाळीस हे आकडे आहेत. सेलेरॉनची ती पट्टी माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. ६६च्या ठेक्यावर ठेवल्यानंतर ती आणखी चार वर्षे चालली, एकदाही चुकली नाही. शाळेच्या त्या स्मरणिकेची एक प्रतही माझ्याकडे आहे. ९६ पानांचे काम ९४ पानांत छापले गेले. ती दोन पाने काय होती, हे मी टाइप करताना वाचले होते. आज त्यातले एकही वाक्य मला धड आठवत नाही.